पडलं, टाकलं की वाहिलं? रोमन ब्रिटनमधल्या नवसांच्या मागावर

पहिला दिवस : लंडन

सुरुवात ब्रिटिश म्युझियममधून करावी. पुढं ज्या जागा बघायच्या आहेत, त्यांतल्या काहींचा खरा ऐवज जागेवर नाही, इथं काचेआड आहे. प्रवेश फुकट असतो, पण वेळ आधी नोंदवून ठेवली तर रांग वाचते. शुक्रवारी संग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. मोठी बॅग सोबत आणू नये, दारावरच्या तपासणीत वेळ जातो.

वरच्या मजल्यावर आधी दालन ५०, मग ४९. हा क्रम मुद्दाम. पन्नासमध्ये रोमनांच्या आधीचं लोहयुगीन ब्रिटन आहे. तिथं बॅटर्सीची ढाल बघावी. टेम्स नदीतून १८५७ मध्ये निघालेली ही ढाल पितळी दिसते, पण आहे कांस्याची. पत्रा इतका पातळ की तलवारीचा एक घाव पेलणार नाही, आणि घावाची खूणही कुठं नाही. शेजारी वॉटर्लू पुलापाशी नदीतच मिळालेलं शिंगांचं शिरस्त्राण. म्हणजे किमती धातू पाण्यात सोडायची रीत रोमनांनी आणलेली नाही. ती आधीपासून होती, रोमनांनी तिला दगडी हौद, लेख आणि देवतांची जोडनावं दिली.

आता या सगळ्या प्रवासाचा प्रश्न. नदीत किंवा झऱ्यात एखादी वस्तू मिळाली, तर ती कुणाची पडली, कुणी टाकून दिली, की वाहिली? एका वस्तूवरून हे कधीच ठरत नाही. त्याच जागी त्याच जातीच्या वस्तू पुन्हा पुन्हा मिळाल्या, किमती असून कुणी काढून घेतल्या नाहीत, वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम वाकवल्या-मोडल्या, किंवा वर देवतेचं नावच कोरलं, तर पारडं ‘वाहिली’कडं झुकतं. यांतली एकच खूण असेल तर गप्प बसावं. उत्खननात ज्याचा अर्थ लागत नाही ते ‘धार्मिक’ म्हणून नोंदवायची जुनी खोड आहे, तिच्यापासून सावध राहावं.

दालन ४९ मध्ये सेनुनाचा साठा आहे. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल गावाजवळ २००२ मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला तो मिळाला. त्यानं लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना नेमकी जागा खणता आली. एकूण २७ वस्तू : चांदीची छोटी मूर्ती, सोन्याचे दागिने, आणि सोन्या-चांदीच्या पातळ पत्र्याच्या पानासारख्या पट्ट्या. पट्ट्यांजवळ वाकून बघावं. ठशावर पत्रा ठोकून मिनर्व्हा ही रोमन देवी उठवली आहे, भाला, ढाल, शिरस्त्राण सगळं जागच्या जागी. पण लेखात नाव सेनुनाचं. ही देवी त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हती. एक साठा निघाला आणि ब्रिटनच्या देवमंडळात एक नाव वाढलं.

इथंच डोळ्यांना एक सवय लावून घ्यावी. लेखाच्या शेवटी व्ही, एस, एल, एम ही चार रोमन अक्षरं शोधायची : वोतुम सोल्विट लिबेन्स मेरितो. नवस फेडला, राजीखुशीनं, देवतेला जे देणं लागत होतं ते. कधी शेवटचं एम गाळलेलं असतं. ही अक्षरं असतील तर व्यवहार पुरा झाला आहे : आधी मागणं, मग फळ, मग फेड. पुढं बाथला ज्या शिशाच्या पट्ट्या दिसतील त्यांत व्यवहार अजून अर्धाच आहे.

निघण्यापूर्वी याच दालनात युली गावच्या देवळातल्या मर्क्युरी या रोमन देवाचं चुनखडीतलं मस्तक बघून घ्यावं. तिसऱ्या दिवशी युलीला जाऊ तेव्हा तिथल्या शेतात ते दिसणार नाही.

दुसरा दिवस : बाथ

पॅडिंग्टनहून बाथ स्पा सुमारे दीड तास. रोमन बाथ्सची तिकिटं वेळेनुसार मिळतात आणि आठवड्याच्या मधल्या वारी स्वस्त पडतात. सकाळची पहिली वेळ घ्यावी, दुपारी पट्ट्यांच्या पेटीसमोर उभं राहायला जागा मिळत नाही. तीन तास हातात ठेवावेत.

बहुतेक लोक मोठ्या हिरव्या कुंडाभोवती फोटो काढतात आणि जातात. आपल्या कामाची जागा त्याच्या शेजारी आहे : पवित्र झरा. पाणी ४६ अंश सेल्सिअस, दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. रोमन अभियंत्यांनी झऱ्याभोवती ओकचे खांब ठोकले, दगडी भिंत बांधली, आतून शिशाचे पत्रे लावले आणि उसळता चिखल एका हौदात कोंडला. हौदाच्या तळाशी वाळू-गाळ बसतो आणि साफ पाणी कुंडांकडं जातं. त्याच गाळात तीन-चारशे वर्षं लोक वस्तू सोडत राहिले.

तो गाळ नीट खणायची संधी एका दुर्घटनेतून आली. पाण्यातल्या अमीबामुळं १९७८ मध्ये एका मुलीचा मृत्यू झाला, स्नान बंद झालं, आणि १९७९-८० मध्ये पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या चमूनं झऱ्याच्या तळाचं उत्खनन केलं. हाती आलं ते असं : १२ हजारांहून जास्त नाणी, शिसं-कथलाच्या मिश्रणाची भांडी, आणि सुमारे १३० शापपट्ट्या, म्हणजे चोराला शाप द्या असं देवीला लिहून टाकलेले शिशाचे पत्रे.

इथं एक अडचण समजून घ्यायला हवी. कोरड्या जमिनीत खालचा थर जुना, वरचा नवा, असा हिशेब चालतो. उसळत्या झऱ्यात तो चालत नाही. पाणी वाळू ढवळत राहतं, जड वस्तू खाली सरकतात, दुसऱ्या शतकातलं नाणं चौथ्या शतकातल्या पट्टीशेजारी जाऊन बसतं. म्हणून इथला काळ थरांवरून कमी आणि वस्तूंवरून जास्त ठरतो. नाण्यांसाठी पाडल्याचं वर्ष. पण तेही फक्त ‘याच्या आधी नाही’ इतकंच सांगतं, कारण नाणं पन्नास वर्षं खिशात फिरून मग पाण्यात पडू शकतं. पट्ट्यांसाठी अक्षराचं वळण : जुनी रोमन धावती लिपी असेल तर तिसऱ्या शतकापर्यंतची, नवी धावती असेल तर चौथ्या शतकातली.

पट्टी करायची कृती सोपी होती. शिसं, बहुतेकदा कथील मिसळून, वितळवायचं, ओतून थापटायचं, कापून तळहाताएवढा किंवा त्याहून लहान तुकडा करायचा. टोकदार लेखणीनं ओरखडून लिहायचं, गुंडाळायचं किंवा घड्या घालायच्या आणि झऱ्यात टाकायचं. मिश्रणाचं प्रमाण पट्टीगणिक बदलतं. देवळाच्या दारात सगळ्या एकाच ठोक मालातून विकल्या जात होत्या असं म्हणायला त्यामुळं अवघड जातं. हस्ताक्षरंही जवळजवळ प्रत्येकाची वेगळी. काही पट्ट्यांवर नुसत्या अक्षरासारख्या रेघोट्या आहेत, काही कोऱ्याच. लिहिता न येणाऱ्यानंही आपलं गाऱ्हाणं घातलंच.

गाऱ्हाणं म्हणायचं कारण मजकूर तसाच आहे. कोकणात गुरव देवापुढं उभा राहून ज्या ठरीव शब्दांत गाऱ्हाणं घालतो, तसे इथंही ठरीव शब्द आहेत : ‘पुरुष असो की स्त्री, गुलाम असो की स्वतंत्र, मुलगा असो की मुलगी.’ चोर कोण ते माहीत नाही, मग एकही पळवाट ठेवायची नाही. एका पट्टीवर तर ‘ख्रिस्ती असो की नसो’ असंही आहे. चौथ्या शतकातल्या शहराचं चित्र त्या एका वाक्यात मिळतं.

ब्रुकेरुसचा मुलगा डोसिलियानुस याची पट्टी पेटीत दिसली तर थांबावं. त्याचा टोपीवाला झगा चोरीला गेला. तो या झऱ्याची देवी सुलिस हिला सांगतो की चोराला मरण दे, आणि माझा झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप मिळू देऊ नकोस, आताही आणि पुढंही त्याला मुलंबाळं होऊ देऊ नकोस. डोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत अशी त्याची मागणी. इतरांचं काय गेलं? अंगठी, स्नानाचा अंगरखा, पैशांच्या पिशवीतली सहा चांदीची नाणी, नांगराचा फाळ. मोठ्या दरोड्यांची ही यादी नव्हे, स्नानगृहात कपडे काढून ठेवल्यावर जे जातं त्यातलंच पुष्कळसं.

यात अर्पण कुठं आहे, असा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच पट्ट्यांत ‘मी देतो’ हे क्रियापद येतं, आणि दिली जाते ती चोरीला गेलेली वस्तूच, कधी चोरसुद्धा. हातात नसलेली वस्तू देवीच्या नावावर केली की चोरी माणसाची राहत नाही, देवीची होते. वसुलीही तिनंच करायची. व्यवहार म्हणून हे फार हुशार आहे. नवसात आधी फळ आणि मग फेड. इथं आधी दान आणि मग फळाची वाट.

वाचनात काय चुकतं त्याचा एक नामी नमुना याच झऱ्याचा. आधी निघालेली एक पट्टी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे प्रमुख निकल्सन यांनी १९०४ मध्ये वाचून छापली : म्हणे एका ख्रिस्ती माणसानं निग्रा नावाच्या बाईला लिहिलेलं पत्र. पुढं या पट्ट्यांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी दाखवून दिलं की ती पट्टी उलटी धरून वाचली होती. मजकूर शापाचाच. ओरखडे पुसट, त्यात गंजाच्या भेगा, आणि वाचणाऱ्याच्या मनात आधीच एक वाक्य तयार असलं की डोळा हवी ती अक्षरं जमवतो. म्हणून पट्ट्या बाजूनं तिरपा उजेड टाकून, उजेडाची दिशा बदलत वाचतात. पेटीसमोर आपणही तेच करावं : समोरून न बघता कडेनं, खाली वाकून. काही पट्ट्यांत लिहिणाऱ्यानंच अक्षरं उलट क्रमानं लिहिली आहेत, तिथं मात्र डोळ्यांचा दोष नाही.

भांड्यांकडं वळावं. मुठीच्या पसरट कथली थाळ्यांवर सुलिस मिनर्व्हाच्या (स्थानिक सुलिसला रोमन मिनर्व्हाशी जोडून झालेलं नाव) नावाची आद्याक्षरं कोरली आहेत. या भक्तांनी वाहिल्या, की देवळातल्या पूजेच्या भांड्यांना खूण म्हणून नाव घातलं आणि जुनी झाल्यावर झऱ्यात विसर्जित केली? दोन्ही शक्य आहे, आणि दुसऱ्या अर्थानंही ती देवीचीच राहतात. हस्तिदंतात कोरलेली स्तनांची जोडी मात्र बाईनं आजारपणात किंवा बाळंतपणात वाहिली असावी असं मानतात. पण अशा अवयवांची संख्या इथं अगदी थोडी. फ्रान्समध्ये सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीच्या ठाण्यावर आणि क्लेरमों-फेराँजवळच्या शामालिएरला लाकडी हात, पाय, मस्तकं, डोळे यांचे ढीग निघाले. बाथला तसं काही नाही. ‘रोमनांचं आरोग्यधाम’ हे जे फलकांवर वाचायला मिळतं, त्याला झऱ्यातला पुरावा फारशी साथ देत नाही. लोकांनी सुलिसकडं बरं होण्यापेक्षा न्याय जास्त मागितलेला दिसतो.

वेद्यांच्या भागात लुसियस मार्सियस मेमोर याचा दगड आहे. हा बळीच्या जनावराची आतडी-काळीज पाहून शकुन सांगणारा. त्याच्या पदाची तीन अक्षरं ओळीच्या मधोमध नेटकी कोरलेली आहेत, आणि पुढची तीन मागाहून उजवीकडं घुसवली आहेत. संक्षेप लोकांना कळेना म्हणून शब्द वाढवला असावा. आजच्या जर्मनीतल्या ट्रियरहून आलेल्या पेरेग्रिनुसनं लोसेटियस मार्स आणि नेमेटोना या आपल्या मुलखातल्या देवतांना उभारलेला दगडही इथंच आहे. परक्या देवीच्या दारात येऊन माणूस घरच्या देवांना विसरला नाही.

शेवटी चार गोष्टी. कुंडातलं पाणी प्रक्रिया न केलेलं आहे, त्यात हात घालू नये. प्यायचं पाणी वेगळ्या नळाला येतं. कोमट, खनिजांची चव, घोटभर पुरे. नाणं टाकायची हौस असेल तर ती गोल थंड कुंडात भागवावी, लोक तिथं टाकतात. आणि झऱ्याचं जादा पाणी जिथून वाफाळत बाहेर पडतं ती रोमन कमान चुकवू नये, तिथल्या दगडावर लोहाचा नारिंगी थर चढलेला दिसतो.

तिसरा दिवस : युली आणि लिडनी

आज गाडी हवीच. बाथहून उत्तरेला कॉट्सवोल्डच्या कडेकडेनं युली गाव तासाभरावर. गावाच्या वरच्या पठारावर, वेस्ट हिल नावाच्या जागी मर्क्युरीचं देऊळ होतं. ॲन एलिसन यांनी १९७७ ते १९७९ मध्ये ते खणलं. आज तिथं खासगी शेत आहे, वर एकही दगड दिसत नाही. कुंपण ओलांडू नये. धातुशोधक यंत्र घेऊन जाणं तर दूरच, संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. सार्वजनिक पायवाटेवरून पठाराचा उतार आणि सेव्हर्नचं खोरं बघायचं. देवळाला ही जागा का निवडली ते तेवढ्यानं समजतं.

देवळाचा आराखडा आपल्याला ओळखीचा वाटेल : मधे चौकोनी गाभारा, भोवती छप्पर असलेला प्रदक्षिणामार्ग. ब्रिटन आणि गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) हा नमुना ठिकठिकाणी आढळतो, इटलीतल्या देवळांचा तसा नसतो. दुसऱ्या शतकात हे दगडी देऊळ उभं राहिलं, पण त्याखाली लोहयुगातलं लाकडी ठाणं आणि खंदक निघाले. जागा तीच, देव बदलला.

युलीचा मोठा पुरावा हाडांचा. दोन लाखांहून जास्त तुकडे, आणि त्यांत शेळ्या-बोकड आणि कोंबड्यांचं प्रमाण लक्षणीय. त्या काळच्या साध्या वस्तीच्या उकिरड्यात मेंढ्या आणि गुरं जास्त असतात, शेळी क्वचित. बोकड आणि कोंबडा हे मर्क्युरीचे सोबती, त्याच्या मूर्तीच्या पायाशी बसलेले. म्हणून हा नुसत्या जेवणावळींचा कचरा नव्हे असं म्हणता येतं. पण या मोजणीत एक खाच आहे. शेळी आणि मेंढी यांची बहुतेक हाडं सारखीच दिसतात. शिंगाचा गाभा, पायाच्या लांब हाडांची टोकं अशा मोजक्या भागांवरूनच फरक कळतो. बाकी तुकडे ‘शेळी किंवा मेंढी’ या रकान्यात जातात. शेळ्यांचं प्रमाण सांगताना ते फक्त ओळखता आलेल्या हाडांतलं असतं. कोंबडा नर होता का, हे तंगडीच्या हाडावरच्या आरीवरून कळतं, पण तरण्या कोंबड्याला आरी धरलेली नसते, म्हणजे नरांचा आकडा नेहमी कमीच भरतो.

इथंही शिशाच्या पट्ट्या निघाल्या, कोऱ्या धरून १४०च्या आसपास. बाथपेक्षा गाऱ्हाणी खेडवळ. होनोरातुसची दोन चाकं, चार गाई आणि घरातलं बरंच किडूकमिडूक गेलं. सेनाकुसचं ओझ्याचं जनावर चोरलं म्हणून त्यानं विटालिनुस आणि त्याचा मुलगा नटालिनुस यांची नावंच घेतली आहेत. इथं चोर ठाऊक आहे, तरी फिर्याद देवाकडं. सर्वांत बोलकी पट्टी साटुर्निनाची. तिचं तागाचं कापड हरवलं. ते मिळालं तर एक हिस्सा देवाला, असा तिचा करार. पट्टीवर आधी मार्स-सिल्व्हानुसचं नाव लिहिलं होतं, ते खोडून त्यावर मर्क्युरी घातलं आहे. कुणी म्हणेल लिहिणाऱ्याची चूक, पण बहुधा देव कुठला हे भक्तालाही पक्कं ठाऊक नसावं. ठाणं जागृत होतं, नाव दुय्यम.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात देऊळ पडलं. त्याच जागी बायबलमधली दृश्यं उठवलेला, घड्या घातलेला कांस्याचा पत्राही मिळाला. तो खजिन्यासारखा ठेवला होता, की भंगार म्हणून आला होता, हे घड्यांवरून सांगता येत नाही. मोडलेली प्रत्येक वस्तू अर्पणच असते असं नाही, हे इथं चांगलं उमगतं.

वाटेत हेटी पेगलर्स टंप हा अश्मयुगीन लांबट दफनटेकाड आहे. विजेरी घ्यावी, दार गुडघ्यावर रांगावं लागेल इतकं ठेंगणं. पंधरा मिनिटं पुरतात.

तिथून ग्लॉस्टरला वळसा घालून सेव्हर्न ओलांडायची आणि लिडनी पार्क गाठायचं, सव्वा तास धरावा. ही खासगी इस्टेट आहे. बाग, छोटं संग्रहालय आणि टेकडीवरचे अवशेष साधारण वसंतात, तेही ठरावीक वारीच उघडतात. सहलीची तारीख लिडनीच्या वेळापत्रकावरून ठरवावी, बाकी ठिकाणं तिच्याभोवती बसवता येतात. टेकडीवर जायची वाट चढाची आहे, पावसानंतर निसरडी.

देव नोडेन्स. टेकडीवर देऊळ, स्नानगृह, अंगण असलेली मोठी धर्मशाळा, आणि खोल्यांची एक लांब रांग. रोगी त्या खोल्यांत झोपत आणि स्वप्नातून देव उपाय सांगे, असा तर्क आहे. तर्काला आधार म्हणजे फरशीवरचा लेख : ती देणग्यांतून घातल्याचं त्यात म्हटलं होतं आणि विक्टोरिनुस नावाच्या ‘अर्थ सांगणाऱ्या’चा उल्लेख होता. फरशी आता नाही, जुनी रेखाटनं उरली आहेत. समुद्री प्राण्यांच्या नक्षीत एक गोल भोक होतं, त्याखाली जमिनीत उतरणारं मातीचं नळकांडं. ओतलेलं अर्घ्य थेट भूमीत जावं, अशी सोय.

संग्रहालयात कुत्रे बघावेत. नऊ मूर्ती मिळाल्या, त्यांतली मान वळवून मागं बघणारी कांस्याची शिकारी कुत्री अप्रतिम आहे. कुत्र्यानं जखम चाटणं बरं करतं, ही समजूत भूमध्य समुद्राकाठच्या आरोग्यदेवतांशी जोडलेली होती. शेजारी कांस्याचा हात आहे, त्याची नखं चमच्यासारखी खोलगट. शरीरात लोह कमी पडलं की नखं अशी होतात. पण इतक्या लहान वस्तूवरून निदान करणं धाडसाचं. कारागिराच्या हातूनही नख खोल पडू शकतं. पिना आणि बांगड्या मात्र शेकड्यांनी निघाल्या, त्या बायकांनी वाहिल्याचं मानायला जागा आहे.

हे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर यांनी १९२८-२९ मध्ये केलं. हेच मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. चौकोनी खड्डे आणि मधे सोडलेल्या भिंती ही त्यांची खणायची शिस्त आपल्याकडं अजून शिकवतात. लिडनीत मात्र त्यांचा काळ चुकला. देऊळ ३६४ नंतरचं, असं त्यांनी नाण्यांवरून ठरवलं. १९८०-८१ च्या फेरउत्खननात ते तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरलं. फरशीखालचं नाणं फरशीचा काळ सांगतं. भिंत तिच्याआधी शंभर वर्षं उभी असू शकते.

लिडनीच्या शापपट्टीत सिल्व्हियानुस म्हणतो की अंगठी हरवली, तिची अर्धी किंमत नोडेन्सला दिली, आणि सेनिसियानुस नावाच्यांना ती देवळात येईपर्यंत आरोग्य मिळू नये. शंभराहून जास्त किलोमीटरवर सिल्चेस्टरला १७८५ मध्ये सेनिसियानुसचं नाव असलेली सोन्याची अंगठी मिळाली होती. दोन्ही जोडायचा मोह कुणालाही होईल. पण ते नाव दुर्मीळ नव्हतं, आणि त्या अंगठीवरचा मजकूर ख्रिस्ती वळणाचा आहे. गोष्ट म्हणून ऐकावी.

चौथा दिवस : उत्तरेकडं

गाडी ब्रिस्टलला परत करून ब्रिस्टल पार्कवेहून न्यूकॅसलची थेट रेल्वे घ्यावी, पाच तासांच्या आसपास. दुसरं काही ठरवू नये. मुक्काम न्यूकॅसलला किंवा हेक्सम गावात. हेक्सम उद्याच्या हेड्रियनच्या भिंतीला जवळ.

पाचवा दिवस : हेड्रियनची भिंत, चेस्टर्स आणि कॅरोब्रफ

सम्राट हेड्रियननं रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवर बांधवलेली ही भिंत. तिच्यालगत एडी-१२२ क्रमांकाची बस जाते. हा क्रमांक भिंत बांधायला घेतल्याच्या वर्षावरून दिला आहे. हंगाम नसला की फेऱ्या कमी होतात किंवा बंद पडतात, आदल्या दिवशी वेळापत्रक बघावं. पाणी न शिरणारे उंच बूट लागतील. यात कसूर नको, कारण कॅरोब्रफची जमीन उन्हाळ्यातही भिजलेली असते.

आधी चेस्टर्सचा किल्ला, तिथल्या क्लेटन संग्रहालयासाठी. १८९६ मध्ये उघडलेलं हे दालन जुन्या पद्धतीचं, दगडांनी खच्चून भरलेलं आहे. पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवरच्या कॅरोब्रफ किल्ल्याबाहेर जॉन क्लेटन यांनी १८७६ मध्ये कोव्हेन्टिना देवीचा हौद उघडला. त्यातला ऐवज इथं आहे. तीन स्त्रिया घागरी घेऊन बसलेल्या कोरीव पट्टीसमोर सगळे थांबतात. त्याऐवजी मातीच्या दोन धूपदाण्यांना वेळ द्यावा. साटुर्निनुस गाबिनियुस नावाच्या माणसानं त्या केल्या. चौकोनी पट्ट्यांत कोरलेला लेख सांगतो की हा नवस त्यानं स्वतःच्या हातांनी घडवला. अक्षरं वेडीवाकडी, देवीच्या नावातलं एक अक्षरही गळलेलं, ओळ मधेच तुटून पुढच्या चौकटीत गेलेली. पलटणीच्या अधिकाऱ्यांनी पैसे मोजून कोरवून घेतलेल्या वेद्या शेजारीच आहेत. त्यांत चूक नाही आणि असा माणूसही दिसत नाही.

हौदात तेरा हजारांहून जास्त नाणी नोंदली गेली. प्रत्यक्षात आणखी होती, काम चालू असतानाच लोकांनी ती पळवली. वरचा भाग, खालचा भाग, वेदीखाली काय होतं, याच्या आज हव्या तशा नोंदी नाहीत. नाण्यांत बहुतेक तांबं-कांस्य, तेही झिजलेलं. देवीला स्वस्तातलं नाणं द्यायची रीत, असं म्हणावं तर किल्ल्यातल्या शिपायाच्या खिशात बहुधा तेच असणार. सम्राट अँटोनिनस पायसच्या काळातली, खिन्न बसलेल्या ब्रिटानियाची (स्त्रीरूपात दाखवलेलं ब्रिटन) छाप असलेली नाणी तीनशेहून अधिक निघाली, आणि भक्तांनी मुद्दाम ब्रिटानिया निवडली, असं लिहिलं गेलं. पण ही नाणी त्या वर्षांत ब्रिटनमध्येच मुबलक आली होती. निवड होती की उपलब्धता, हे कळायला त्याच भागातल्या साध्या वस्त्यांमधल्या नाण्यांशी प्रमाण ताडून बघावं लागतं. ताडल्याशिवाय नुसता मोठा आकडा काही सांगत नाही.

आता कॅरोब्रफ. वाहनतळाच्या फलकावर ब्रोकोलिशिया हे त्याचं रोमन नाव असतं. किल्ला गवताखाली आहे. उतार उतरलं की मिथ्राचं मंदिर. मिथ्रा हा रोमन शिपायांत लोकप्रिय असलेला देव. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचे दगड वर दिसले आणि पुढच्या वर्षी इयन रिचमंड आणि जॉन गिलम यांनी ते खणलं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना बसायचे ओटे, टोकाशी तीन वेद्या. वेद्या प्रतिकृती आहेत, पण जागच्या जागी असल्यानं मांडणी समजते. खणताना पाइनच्या झाडाची जळलेली, शंकूसारखी फळं मिळाली. धुपासाठी ती जाळत. वेद्यांवर हल्लीच्या पेन्स, सेंट पडलेल्या दिसतील, पर्यटकांनी ठेवलेल्या. दोन हजार वर्षांनी कुणी ही जागा खणली तर त्यांचा काय निष्कर्ष निघेल, हा विचार मनात येतोच.

कोव्हेन्टिनाचा हौद थोडा पलीकडं, कुंपणाआड, आणि आज ते नुसतं लव्हाळ्यांचं डबकं आहे. साधारण अडीच मीटर लांब-रुंद दगडी चौकट पाण्याखाली दडलेली. तिथं पाय घालू नये. चिखल खोल आहे आणि बघायलाही काही नाही. तरी जावं. किल्ल्यापासून अंतर किती कमी होतं हे चालल्यावर कळतं : पहाऱ्यावरून सुटलेला शिपाई चार-पाच मिनिटांत देवीपुढं उभा.

सहावा दिवस : न्यूकॅसल

ग्रेट नॉर्थ म्युझियम : हॅन्कॉक आधी, मग बेनवेल. संग्रहालयात कॅरोब्रफच्या मूळ वेद्या आहेत. एकीवर मिथ्राच्या डोक्याभोवतीचे किरण आरपार कोरले आहेत, मागं कोनाडा. तिथं दिवा ठेवला की अंधाऱ्या खोलीत किरण पेटत. कॅरोब्रफची प्रतिकृती उघड्या आभाळाखाली असल्यानं हे तिथं लक्षात येत नाही, म्हणून मूळ दगडाला मागच्या बाजूनंही बघावं.

अँटेनोसिटिकुस या देवाचं मस्तकही इथंच. हा देव बेनवेलशिवाय कुठंच आढळलेला नाही. केसांच्या बटा कपाळावर शिंगांसारख्या वळलेल्या, चेहरा रोमन घडणीचा पण डोळे स्थानिक पद्धतीचे, मोठे.

बेनवेलचं देऊळ शहराच्या पश्चिमेला, ब्रूमरिज ॲव्हेन्यूवर, घरांच्या ओळीत सापडतं. सिटी बसनं जाता येतं, प्रवेश खुला. १८६२ मध्ये निघालेली ही एका खोलीएवढी वास्तू, मागं अर्धगोल कोनाडा, दोन वेद्यांच्या प्रतिकृती. एक वेदी टिनियस लाँगुसची. घोडदळाच्या तुकडीचा हा प्रमुख, त्याला सम्राटांच्या कृपेनं सिनेटच्या दर्जाची खूण असलेला, अंगरख्यावरचा रुंद पट्टा आणि रोममधलं पद मिळालं, ते त्यानं लेखात सविस्तर कोरवलं आहे. देवाचं नाव एका ओळीत, बढतीचा तपशील त्याहून कितीतरी मोठा. बाथच्या पट्टीवर चोरीचा तपशील असतो, तसा इथं नेमणुकीचा. लेखाची नक्कल वाचायला सकाळचा कोवळा तिरपा उजेड बरा. भर दुपारी कोरीव अक्षरं सपाट दिसतात.